आईचं दुखणं काढून परदेशातल्या घरी परतताना

सांगली-मिरजेकडच्या, ज्यांची मुलं बाहेर आहेत अशा घरांत हे आता नेहमीचंच झालंय. आई नाहीतर वडील घरात पाय घसरून पडतात, मिरजेत ऑपरेशन होतं, आणि मुलगा किंवा मुलगी तिकडचा संसार तसाच टाकून एकटी विमानात बसते. चार-सहा महिने जातात. येताना काय काय करायचं ते सांगायला सगळे असतात. परत जाताना कुणी काही सांगत नाही, कारण सगळ्यांना वाटतं, त्यात काय सांगायचं, आपल्याच घरी तर जायचंय.

माझं माहेर सांगलीच्या गावभागात, सासर साताऱ्यात आणि संसार स्टुटगार्टला. आईचा खुबा मोडला तेव्हा मी एकटीच आले, कारण जर्मनीत शाळा सक्तीची आहे. मुलांना सत्राच्या मध्येच उचलून आणता येत नाही. त्यानंतर भावकीतल्या आणि ओळखीतल्या कितीतरी जणींच्या परतीच्या बॅगा भरायला मी बसलेय. त्यांना जे सांगते तेच इथे लिहिते. तुम्ही नसताना तिकडच्या घराने आपली घडी बसवलेली असते. ती मोडायची नाही, तिच्यात शिरायचं, आणि त्याची सुरुवात सांगलीतच करायची.

कागदांचं आधी उरकून टाकू. किती काळ बाहेर राहिलं की तिथला परवाना धोक्यात येतो, हे प्रत्येक देशाचं वेगळं आहे. चुलतभावाला चाललं म्हणून आपल्याला चालेल असं नाही. जर्मनीचा साधा परवाना सहा महिन्यांहून जास्त बाहेर राहिलं की आपोआप संपतो. ब्लू कार्ड म्हणजे उच्चशिक्षित नोकरदारांचा परवाना, तो असणाऱ्यांना आणि त्यांच्या कुटुंबाला बारा महिने मिळतात. जास्त राहावं लागणार असेल तर तिथल्या परदेशी नागरिकांच्या कार्यालयाकडून मुदत आधीच वाढवून घ्यायची. अमिरातीत नेहमीच्या रहिवासी व्हिसाला १८० दिवसांची मर्यादा आहे. अमेरिकेच्या ग्रीन कार्डवाल्यांना वर्षाहून जास्त राहायचं तर रीएंट्री परमिट, म्हणजे परत येण्याची परवानगी लागते, आणि तिचा अर्ज अमेरिकेत असतानाच करावा लागतो, सांगलीत बसून होत नाही. सहा महिने ओलांडले तरी पुढे नागरिकत्वाच्या वेळी विचारणा होते. कॅनडाच्या कायम रहिवाशांना पाच वर्षांत ७३० दिवस तिथे राहून भरावे लागतात. आपली शेवटची तारीख काढा आणि तिकीट तिच्या निदान पंधरा दिवस आधीचं घ्या. म्हाताऱ्या माणसाचा ताप आपल्या तिकिटाची तारीख विचारून येत नाही.

सांगलीतून नीट निघणं

माणूस स्टुटगार्टला आणि कान गावभागात, असं परतल्यावर होतं. लोक म्हणतात, मन लागत नाही. मला विचाराल तर बहुतेक वेळा इकडची व्यवस्थाच अर्धवट सोडलेली असते.

निघायच्या महिनाभर आधीपासून आईचं काम हातातून सोडत जा. आईला सांभाळायला पगारी मावशी ठेवली असेल तर तुम्ही घरात असतानाच तिने अंघोळ घालायची, तिनेच वॉकर धरून सोप्यापासून परसापर्यंत चालवायचं. तुम्ही खुर्चीत बसून बघायचं. आईला हे आवडत नाही. 'तू आहेस ना, मग ती कशाला?' असं ती म्हणणार. तरीही उठू नका. आईला तुमच्या हाताची सवय जितकी जास्त, तितके तुम्ही गेल्यानंतरचे दिवस मावशीला जड जातात, आणि मग रोज रात्री फोनवर तक्रारी तुमच्याकडेच येतात.

एक दोनशे पानी वही आणा. मोबाइलवरची यादी नको, वहीच हवी. ती फ्रिजवर राहते आणि चष्मा लावून कुणालाही वाचता येते. पहिल्या पानावर गोळ्या. नाव, सकाळ-दुपार-रात्र, जेवणाआधी की नंतर, आणि गोळीचा रंग, कारण मावशीला नाव वाचता आलं नाही तरी 'पिवळी अर्धी' बरोबर कळतं. दुकानदाराने दुसऱ्या कंपनीची गोळी दिली की रंग बदलतो, तेव्हा ते पान त्याच दिवशी नव्याने लिहायचं. हे काम औषध आणून देणाऱ्याचं, मावशीचं नाही. पुढच्या पानावर डॉक्टर, फिजिओ, औषधाचं दुकान, शेजारच्या काकू आणि ओळखीचा रिक्षावाला. त्यानंतर महावितरणचा ग्राहक क्रमांक, घरपट्टी, गॅस. गॅस कुणाच्या मोबाइलवर नोंदलाय ते जरूर बघा. आमचा बाबांच्या नंबरावर होता, आणि तो नंबर बाबा गेल्यापासून बंद.

पेन्शन असेल तर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो. आता तो फोनवर चेहरा दाखवूनही देता येतो, पण फोन धरणारं माणूस सांगलीत हवं. ते कोण, हे वहीत नावानिशी लिहा. भावंडांतही कामं अशीच नावानिशी वाटून घ्या. 'बघू, मी आहे ना' या वाक्यावर विसंबून विमानात बसू नका. भाऊ पुण्यात असेल तर महिन्यातून एकदा त्याने यायचं, कोणत्या रविवारी यायचं, आणि त्याला जमलं नाही तर वहिनीने यायचं की चुलतभावाने, इथपर्यंत बोलून घ्या. बोलताना थोडी कटकट होते. ती समोरासमोर झालेली बरी.

नदीकाठच्यांसाठी वहीत एक वेगळं पान लागतं, आणि माझ्या मते तेच सगळ्यात महत्त्वाचं. २००५, २०१९ आणि २०२१ चं पाणी ज्यांनी बघितलंय त्यांना समजावून सांगायला नको. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट. कोयना धरणातून पाणी सोडलं की परदेशातला सांगलीकर तासातासाला फोन काढून आयर्विनचे फूट बघतो. समोर पोरगी पोहण्याच्या परीक्षेतली गंमत सांगत असते आणि हा नुसता 'हं, हं' करत असतो. पोरीला ते कळतं. त्यापेक्षा काय करायचं ते आधीच ठरवून टाकावं. आमच्या वहीत असं आहे: पाणी ३५ फुटांवर गेलं आणि चढतंच राहिलं की आईने विश्रामबागला मामेबहिणीकडे जायचं. पुतण्याने त्याची गाडी आणायची, रिक्षा शोधत बसायचं नाही. वॉकर, कमोडची खुर्ची, औषधांचा डबा आणि ही वही बरोबर घ्यायची. यासाठी कुणाला विचारायचं नाही, मलासुद्धा नाही. एवढं लिहून ठेवलं की तिकडे बसून आकडा बघण्याचं कारण उरत नाही. बघाल, पण दिवसातून एकदा.

निघण्याचा दिवस. मुंबईची विमानं बहुतेक मध्यरात्रीनंतरची असतात, म्हणजे सांगलीतून दुपारच्या आतच निघावं लागतं. हे बरंच आहे. आईला जागेपणी, उजेडात निरोप द्या. ती ओटी भरेल, हातावर दही ठेवेल, दोघीही रडाल, रडावं. 'तिला त्रास नको' म्हणून ती झोपलेली असताना सटकणारे लोक मी बघितलेत. त्यांच्या आया पुढचा आठवडाभर दाराकडे बघत बसतात.

बॅगेत काय

युरोपात बाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे. साताऱ्यावरून जाताना सासरची माणसं हायवेवर थांबून कंदी पेढ्यांचा पुडा हातात ठेवतात. तो मुंबई येईपर्यंत गाडीतच संपवायचा. घरचं तूपही नाही. ताजा कढीपत्ता आणि आंबे रोपांच्या आरोग्याच्या दाखल्याशिवाय चालत नाहीत. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या तर आपोआप पेट घेऊ शकणारा माल म्हणून विमानाच्या सामानातूनच काढायला लावतात. मग उरलं काय? हळद, बेदाणे, भडंग आणि कांदा-लसूण चटणी, म्हणजे सांगलीकराला लागतं ते सगळंच. सांगलीच्या हळदीला आणि बेदाण्याला दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे, ही माहिती तिथल्या शेजारणीला हळद देताना उपयोगी पडते. चटणी दोन पिशव्यांत बांधून वर घट्ट झाकणाचा डबा आणि मोठ्या बॅगेत. हातातल्या बॅगेत लाल पूड घेऊन सुरक्षा तपासणीत उभं राहू नका. औषधं जर्मनीत स्वतःपुरती तीन महिन्यांचीच नेता येतात, बरोबर डॉक्टरची चिठ्ठी ठेवा.

मुलांचे कपडे आठवणीतल्या मापाने घेऊ नका. नवऱ्याला पोराचा पाय कागदावर ठेवून पेन्सिलने आखायला सांगा आणि टाचेपासून अंगठ्यापर्यंतचे सेंटिमीटर मागवा. मारुती रोडवर उभं राहून तो आकडा ऐकाल तेव्हा आपण किती दिवस नव्हतो ते कळेल.

पहिले काही आठवडे

शक्य असेल तर गुरुवारी पोचा. शुक्रवारी घराचा साधा दिवस बघायला मिळतो, आणि पाठोपाठ दोन सुट्ट्या. शनिवारी पोचलात तर दोन दिवस नुसतं कौतुक, रविवारी तिथली दुकानंही बंद, आणि सोमवारी सकाळी सगळे आपापल्या वाटेने गेले की घरात तुम्ही आणि न उघडलेल्या बॅगा.

पहिल्या सकाळी काही करू नका. स्वयंपाकघरात खुर्ची घेऊन बसा आणि बघा. आमच्याकडे थोरलीने धाकट्याचा डबा भरायचं काम घेतलं होतं. काळ्या ब्रेडच्या दोन चकत्या, मध्ये चीज. काकडी लांब कापलेली, गोल नाही. कोपऱ्यात चार द्राक्षं, उभी चिरून. मग डबा त्याच्या दप्तराच्या डाव्या कप्प्यात, कारण उजव्यात पाण्याची बाटली. तिचं सगळं मुकाट्याने, न थांबता चाललं होतं. मी पोळी-भाजीचं नाव काढलं तर धाकटा म्हणाला, 'डबा ताई करते.' अशा वेळी 'आता मी आलेय ना' हे वाक्य ओठावर येतं, ते गिळायचं. डबा अजूनही तिचाच आहे. मी द्राक्षं धुऊन ठेवते.

तीन-चार आठवडे एकही बरणी हलवू नका. मी नसताना सासूबाई ९० दिवसांच्या व्हिसावर येऊन राहून गेल्या होत्या. त्यांनी मीठ शेगडीच्या डाव्या हाताला आणि मिसळणाचा डबा वरच्या फळीवर ठेवला. त्या गेल्यावरही नवऱ्याने ते तसंच चालवलं. नवी सून पहिले दिवस जशी विचारून विचारून हात घालते, तसं आपल्याच स्वयंपाकघरात वागायचं. राग येतो, खोटं कशाला बोला. पण ती जागा त्यांनी तुम्हाला डिवचायला बदललेली नसते. भाजी करपू नये म्हणून हात जिथे पोचला तिथे डबा ठेवला, इतकंच.

घर बघून झालं की पुढचं पाऊल म्हणजे विचारणं. तिसऱ्या आठवड्यात, सगळे जेवायला बसलेले असताना: 'यातलं कुणाला काय नको झालंय?' तुम्ही काय परत घेणार ते सांगायचं नाही, त्यांना काय द्यायचंय ते ऐकायचं. नवऱ्याने एका क्षणात केअरवोखेची पाटी पुढे केली. आमच्याकडे इमारतीचा जिना आळीपाळीने झाडायचा असतो. ज्याची पाळी त्याच्या दाराला ती पाटी टांगतात, आणि पाटी निघून जिना तसाच राहिला तर खालच्या मजल्यावरच्या आजी दोन दिवस नमस्कार घेत नाहीत. थोरलीने भावाला रात्री गोष्ट वाचून दाखवायचं काम दिलं. मला जे हवं होतं, म्हणजे शाळेच्या मीटिंगा, ते कुणीच दिलं नाही. ते नवऱ्याला आवडायला लागलं होतं. ठीक आहे, तो जातो.

लहान मूल एकतर चिकटून बसतं नाहीतर जवळ फिरकत नाही, आणि कधी कधी एकाच दिवसात दोन्ही करतं. रात्री उठलं की ते बाबालाच हाक मारणार. बाबानेच उठावं. तुम्ही अंथरुणात पडून राहायचं, मला तरी सगळ्यात अवघड हेच वाटलं. दिवसाची एक वेळ मात्र तुमची करून घ्या, शाळेतून आणायची किंवा अंघोळीची, आणि ती कशासाठीही चुकवू नका. सांगलीच्या फोनसाठीसुद्धा नाही. 'तू परत जाणार का?' असं विचारलं तर 'कधीच नाही' म्हणू नका, आईचं वय बघता ते खोटं ठरेल. 'आजीला बरं नसेल तर जाईन, पण तुला आधी सांगून जाईन' असं म्हणा. आणि तसंच करा.

नवऱ्याशी, किंवा तुम्ही पुरुष असाल तर बायकोशी, पहिल्या आठवड्यात हिशेब काढू नका. कुणाचे हाल जास्त झाले ही मोजणी सुरू झाली की संपत नाही: तुम्ही दवाखान्याच्या बाकावर रात्री काढलेल्या, त्याने तापलेल्या पोराला मांडीवर घेऊन ऑफिसच्या मीटिंगा केलेल्या. पैशाचा हिशेब मात्र दुसऱ्या शनिवारी कागदावर मांडा. ऑपरेशन, तिकिटं, मावशीचा पगार, फिजिओ. त्यातला भावाचा वाटा किती आणि आपला किती. पुढे महिन्याला किती जाणार. मावशीचा पगार ठरलेल्या तारखेला आपोआप जाईल असं लावून टाका. इकडचं सिम बंद पडू देऊ नका, बँकेचा ओटीपी त्याच्यावरच येतो.

फोन

सांगलीहून पश्चिमेकडे गेलं की झोप पहाटे मोडते. हिवाळ्यात तिथे तीन वाजतात तेव्हा इकडे साडेसात झालेले असतात. आई उठलेली, चहा झालेला, आणि तुम्ही टक्क जागे. हात फोनकडे जातो. तो फोन करू नका. एकदा ही वेळ पडली की आई रोज साडेसातला वाट बघणार, तुमची झोप कधीच बसणार नाही, आणि दिवसभर घरात तुम्ही पेंगत वावरणार. उठा, कपड्यांच्या घड्या घाला, पुन्हा आडवं व्हा. आठवड्याभरात जुळतं.

फोनची वेळ आईच्या घड्याळाने ठरवा. आमची संध्याकाळी पाचची आहे: तिचा चहा होतो, मावशी वही घेऊन बसते, आणि माझी दुपारची सुट्टी असते. मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी युरोपातली घड्याळं पुढेमागे होतात, तेव्हा आपण आपली वेळ हलवायची, आईला त्यात ओढायचं नाही. आधी मावशीशी दोन मिनिटं, मग आईशी. मावशीला आधी विचारलं की गोळ्या आणि जेवण उरकतं, आणि आईशी दुसरं काही बोलता येतं. भाजीचे भाव, शेजारच्या काकूंची भांडणं, गणपतीच्या देवळातली गर्दी. रविवारी मुलांना द्या. मध्यंतरी त्यांचं मराठी थोडं मागे गेलेलं असतं, ती जर्मनमध्ये उत्तरं देतात. रागावू नका. आजीला जर्मन कळत नाही, त्यामुळे तिच्याशी बोलताना ती आपोआप रुळावर येतात.

लोकांचं काय? इकडच्या बायका निघताना म्हणणार, 'कशी गं आईला सोडून जातेस?' तिकडच्या ऑफिसात विचारणार, 'सुट्टी कशी झाली?' दोघांनाही समजावत बसू नका. इकडे 'येते' म्हणून नमस्कार करायचा, तिकडे 'सुट्टी नव्हती, आईचं ऑपरेशन होतं' एवढं एक वाक्य, आणि कामाला लागायचं.

पुढची फेरी कधी, हे आई प्रत्येक फोनवर विचारते. तिकीट निघाल्याशिवाय महिना सांगू नका. ती कॅलेंडरवर खूण करते आणि मावशीला रोज दाखवते. तिकीट काढताना मुलांच्या सुट्ट्या आणि पावसाळा दोन्ही बघा. आमच्याकडे मोठी सुट्टी जुलैच्या शेवटापासून सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत, म्हणजे नेमकी पुराच्या दिवसांत येते. म्हणून आम्ही चौघं नाताळात येतो आणि पावसाळ्याआधी भावाची फेरी वाढवतो.